कोंडण्याचा अधिकार व उघडण्याचें ऋण



उपदेशकांच्या मासिक सभेंत एका भावानें एक प्रश्न विचारिला, तो असा : ज्याच्या अंगांत आज रोग दिसत नाहीं अशा मनुष्यास, उद्यां तो आजारी पडेल व दुसऱ्यास पाडील एवढ्याच भयावरून, चाळीस चाळीस दिवस घरांत कोंडून ठेवणें न्यायाचें आहे काय? एकानें तत्काळ उत्तर दिलें कीं, अधिकाऱ्यांची आज्ञा झाली म्हणजे ती पाळावी, यांत विचारावयाचें काय? दुसरा म्हणाला, निरपराध्यास अडकवून ठेवणें हा जुलूम होय, मग तो कोणाच्याही नांवानें होवो. दोन्ही उत्तरांनीं विचारणाराचें समाधान झालें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. तो प्रश्न घेऊन मी घरीं आलों व पुष्कळ दिवस त्याचें मनन केलें. त्याचें फळ आज आपणांपुढें ठेवितों.

प्रश्न हवेंतला राहूं नये म्हणून जें खरोखर घडलें त्यापासून आरंभ करूं. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत, आंडीज पर्वताच्या पायथ्याशीं, चुबुट प्रांतांत एपुयेन नांवाचें एक लहान गांव आहे. त्या डोंगरांत एक लहानसा रानउंदीर राहतो. त्यास तिकडचे लोक 'कोलिलार्गो' म्हणजे लांबशेपट्या म्हणतात. ह्या उंदराच्या मूत्रांत, लेंड्यांत व लाळेंत एक विषाणू, म्हणजे डोळ्यांस न दिसणारें अतिसूक्ष्म रोगबीज, असतो. कोरिया देशांतील हंतान नदीवरून ह्या विषाणूंच्या घराण्यास 'हंता' असें नांव पडलें आहे. बंद पडलेलें घर किंवा कोठार झाडतांना वाळलेल्या लेंड्यांची धूळ उडते व ती श्वासावाटें माणसाच्या शरीरांत जाते. प्रथम साधा ताप व अंगदुखी. मग एकाएकीं फुप्फुसांत पाणी भरतें आणि मनुष्य श्वासासाठीं तळमळूं लागतो. ह्या घराण्यांतील बहुतेक रोग उंदराकडून माणसास होतात व तेथेंच थांबतात. परंतु आंडीजकडचा हा विषाणू माणसाकडून माणसासही लागतो.

३ नोव्हेंबर २०१८ रोजीं एपुयेन येथें वाढदिवसाचा एक समारंभ झाला. सुमारें शंभर माणसें जमलीं होतीं. त्यांत एका गृहस्थाच्या अंगांत ताप होता. तो सुमारें दीड तास तेथें होता, आणि तेवढ्या वेळांत त्याच्यापासून पांच जणांस रोग लागला. त्या पांचांतील एक मनुष्य लोकांत फार मिसळणारा होता. त्याच्यापासून आणखी सहा जणांस तो लागला. हा मनुष्य मरण पावला. मृताजवळ जमून शोक करण्याची तिकडे रीत आहे. त्याची विधवा पत्नी आपल्या पतीच्या ह्या विधीस बसली, तेव्हां तिच्याही अंगांत ताप होता. आणि तिचें सांत्वन करावयास आलेल्यांपैकीं दहा जण पुढें आजारी पडले. फेब्रुवारी २०१९ पर्यंत एकंदर ३४ माणसांस रोग झाला व त्यांपैकीं ११ दगावलीं. विषाणूची तपासणी करून शास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं, उंदराकडून रोग केवळ एकदांच आला. बाकीचा सर्व माणसाकडून माणसास गेला.

वाचकहो, क्षणभर थांबून पाहा. ही साथ कोणत्या वाटेनें चालली? चोरीच्या नव्हे, व्यभिचाराच्या नव्हे. ती जेवणाच्या पंगतीवरून, मित्राच्या घरावरून व शोकाच्या बैठकीवरून चालली. ज्या वाटांवर प्रीति चालते त्याच वाटांवर मरण चाललें. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं.

अठरा जणांचा रोग निश्चित झाल्यावर तेथील अधिकाऱ्यांनीं आजाऱ्यांस वेगळें ठेविलें, आणि ज्यांचा आजाऱ्यांशीं निकट संबंध आला होता अशा धडधाकट माणसांसही घराबाहेर पडूं नये असें सांगितलें. कित्येकांस न्यायालयाच्या हुकुमानें घरीं बसावें लागलें. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें इ. स. २०२० मध्यें शास्त्रज्ञांनीं हिशेब करून प्रसिद्ध केलें. ह्या उपायापूर्वीं एका आजाऱ्याकडून सरासरी दोहोंहून किंचित अधिक, म्हणजे २.१२, माणसांस रोग लागत होता. उपायानंतर हा आंकडा एकाच्या खालीं, ०.९६ वर आला. ज्या साथींत एका आजाऱ्यामागें एकही नवा आजारी पुरता भरत नाहीं ती साथ हळूहळू आपोआप विझते. ती विझली.

आतां कोणी म्हणेल, आजाऱ्यासच तेवढें वेगळें ठेवावें, धडधाकटास कां? ह्याचें कारण रोगाच्या स्वभावांत आहे. आपल्या वाडवडिलांनीं प्लेग पाहिला होता. प्लेगचें रोगबीज वेगळें, तें पिसवांच्या दंशानें येतें. परंतु त्या रोगांत उंदीर स्वतः मरत असे. घरांत 'उंदीर पडला' कीं शहाणे लोक घर सोडून रानांत झोपड्या बांधून राहत. उंदराचें मरण हीच त्यांस सूचना होती. ह्या हंता रोगांत तशी सूचना नाहीं. रोगबीज वाहणारा उंदीर आजारी दिसत नाहीं, मरत नाहीं. धान्याच्या कणगीमागें खुशाल फिरतो. आणि माणसाच्या अंगांत रोग शिरल्यावरही तो एक आठवड्यापासून सहा आठवड्यांपर्यंत लपून राहूं शकतो. त्यावर खात्रीचें औषध अद्याप नाहीं. टोंचण्याची लसही सर्वत्र मान्य झालेली नाहीं. जेथें उंदीर पडत नाहीं, औषध नाहीं व लस नाहीं, तेथें जागरूक राहून पाहणें हेंच औषध उरतें. शेवटचा आजारी बरा झाला म्हणून पहारा लगेच उठवितां येत नाहीं. कारण राखेखालीं निखारा सहा आठवडे राहूं शकतो.

तर मग पाहिलें पाहिजे, हें ठरलें. परंतु आमच्या त्या भावाचा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं. आवश्यक असणारी प्रत्येक गोष्ट न्यायाची असतेच असें नाहीं. निरपराध्याचे चाळीस दिवस आम्ही कोणत्या हक्कानें घेतों?

प्रथम हें स्पष्ट असूं द्या कीं, ही शिक्षा नव्हे. शिक्षा अपराधास असते. शेजाऱ्याच्या आनंदांत सामील होणाऱ्या त्या गृहस्थाचा अपराध कोणता? पतीच्या प्रेताशेजारीं बसलेल्या त्या विधवेचा अपराध कोणता? जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूस विचारिलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो प्रश्नच बाजूस सारिला. तरी तोच प्रश्न आजही रोग आलेल्या घराच्या उंबऱ्यावर आम्ही पुनः पुनः विचारीत असतों. रोग म्हणजे पापाची पावती नव्हे, आणि विलगीकरण म्हणजे तुरुंग नव्हे. जो उपदेशक हा भेद आपल्या मंडळीस शिकवीत नाहीं, त्यानें बाकीचें पुष्कळ शिकविलें असलें तरी एक मोठी गोष्ट शिकवावयाची राहिली.

मग ती शिक्षा नव्हे तर काय? आपल्या खेड्यांत गवती छपरांच्या ओळीस आग लागली म्हणजे काय करितात तें जुन्या माणसांस ठाऊक आहे. जळणाऱ्या घरावर पाणी ओततात तें ओततातच. परंतु त्याच्या शेजारचें, अद्याप ज्यास ठिणगीही लागली नाहीं असें, छप्पर ओढून काढितात. त्या घरधन्यानें कांहीं अपराध केला म्हणून नव्हे. त्याचें छप्पर काढिल्यानें पुढचीं वीस घरें वाचतात म्हणून. पुष्कळदां तो घरधनी स्वतःच वर चढून गवत ओढूं लागतो. आणि तो घाबरून अडवूं लागला तर पंच त्यास बाजूस सारून तें काढितात. ह्यास कोणी दरोडा म्हणत नाहीं. परंतु आग विझल्यावर, पुढच्या पावसाच्या आधीं, गांवानें तें छप्पर शाकारून दिलें नाहीं, तर मात्र तो दरोडाच होय. त्या माणसानें आपलें छप्पर देऊन वीस घरें वांचविलीं; आणि गांवानें त्यास उघड्यावर टाकिलें!

माझें म्हणणें एवढेंच आहे. निरोगी मनुष्यास कोंडण्याचा अधिकार समाजास आहे. परंतु तो अधिकार उसनवारीचा आहे. आम्ही त्याचे दिवस, त्याची मजुरी, त्याची मोकळीक उसनी घेतों. उसनें घेतलेलें परत करावयाचें असतें. जो परत करण्याचें ऋण मनांत न धरितां घेतो, त्याच्या हातीं अधिकार असला तरी न्याय नाहीं. आणि माझ्या समजुतीनें हें ऋण तीन प्रकारचें आहे : भाकरीचें, अब्रूचें व दार उघडण्याचें.

भाकरीचें ऋण समजण्यास सोपें आहे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यास चाळीस दिवस घरीं बस म्हणणें म्हणजे चूल विझव म्हणणें होय. पोटांत भूक असतां घराबाहेर पडणारास आज्ञाभंग करणारा म्हणण्यापूर्वीं, त्याच्या दारीं पीठ कोणी नेऊन ठेविलें होतें काय हें विचारावें. हुकुमानें दार बंद करितां येतें. त्या दाराशीं भाकर मात्र शेजाऱ्यानेंच ठेवावी लागते. याकोब आपल्या पत्रांत उघड्यानागड्या भावास नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणारांविषयीं जें लिहितो तें येथें अक्षरशः लागूं पडतें.

अब्रूचें ऋण त्याहून कठीण आहे. इ. स. १९९३ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जेथें ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो व युटा ह्या चार संस्थानांच्या सीमा मिळतात, तेथें नवाहो नांवाच्या मूळच्या रहिवासी लोकांत तरुण धडधाकट माणसें श्वास कोंडून मरूं लागलीं. आरंभीं आजाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक दगावलीं. थोड्याच आठवड्यांत शोध लागला कीं, हाही हंता घराण्यांतील विषाणू असून तेथील एका रानउंदराकडून येतो. माणसाकडून माणसास तो लागत नाहीं. परंतु तोंपर्यंत वृत्तपत्रांनीं रोगास त्या लोकांचें नांव जोडून टाकिलें होतें. खाणावळींत त्यांस वाढणारे हातमोजे घालूं लागले. लॉस एंजल्स येथील एका शाळेनें पत्रमैत्रीमुळें भेटीस बोलाविलेल्या नवाहो मुलांच्या वर्गास ऐन वेळीं येऊं नका म्हणून कळविलें. नवाहो लोकांत मृताचें नांव चार दिवस उच्चारूं नये असा रिवाज आहे. त्या चार दिवसांतच बातमीदार शोकाच्या घरीं नांवें विचारीत फिरले. ज्यांपासून कोणासही रोग लागणें शक्य नव्हतें, त्यांनाच लोक रोगाप्रमाणें टाळूं लागले.

आणि सत्य काय होतें? त्या लोकांतील वृद्धांनीं शास्त्रज्ञांस सांगितलें कीं, ज्या वर्षीं बर्फपाऊस फार होतो त्या वर्षीं पिन्यॉन झाडाच्या बिया विपुल येतात, मग उंदीर माजतात, आणि मग असें मरण येतें. उंदीर हा बाहेरच्या जगाचा प्राणी, त्यास घरांत व अन्नांत शिरूं देऊं नये, अशी आमच्या पूर्वजांची शिकवण आहे. न्यू मेक्सिको येथील विद्यापीठाचे अभ्यासक साथीच्या पुष्कळ पूर्वींपासून सेविलेटा येथील रानांत उंदरांची गणना करीत होते. तिकडील नोंदींवरून दिसून आलें कीं, मे १९९२ पेक्षां मे १९९३ मध्यें उंदीर सुमारें दसपट झाले होते. वृद्धांचें बोलणें व अभ्यासकांचा आंकडा एक निघाला. ज्यांस लोक अज्ञानी व घाणेरडे म्हणत होते, त्यांच्या घरीं ह्या रोगाचें ज्ञान पिढ्यान् पिढ्या जपलेलें होतें! पुढें त्या विषाणूस त्या भागांतील एका ठिकाणाचें नांव देण्याचें घाटत होतें, तेव्हां तेथील लोकांनीं हरकत घेतली; शेवटीं त्यास स्पॅनिश भाषेंत 'सिन नोंब्रे', म्हणजे 'बिननांवाचा', असें नांव देण्यांत आलें. एखाद्या लोकसमाजाची अब्रू राखण्यासाठीं शास्त्रानें आपल्या शोधास नांवावांचून ठेविलें, ही गोष्ट माझ्या मनांत फार घर करून राहिली आहे.

येथें राखण व पाळत ह्यांतील भेद ध्यानीं येतो. पिकल्या शेताकडे माळ्यावरचा राखणदार पाहतो, आणि बांधाआड दडलेला चोरही पाहतो. दोघांचे डोळे एकाच कणसावर असतात. परंतु एकाची नजर कणीस वांचविण्यासाठीं असते. साथीच्या काळीं शेजाऱ्याच्या घराकडे आपण पाहतों तेव्हां आपली नजर कोणती, हें ज्याचें त्यानें देवासमोर तपासावें.

ही गोष्ट परदेशाचीच आहे असें नव्हे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला, व पुढच्या वर्षीं तो पुण्यांत पसरला. आजाऱ्यांस शोधून वेगळें करावें हा हेतु वाईट नव्हता. परंतु गोरे शिपाई घरांत शिरून, देवघर व माजघर न पाहतां, स्त्रियांचा संकोच न पाहतां झडती घेऊं लागले; तेव्हां लोक आजारी माणसें लपवूं लागले, आणि ज्या रोगास उजेडांत आणावयाचें होतें तो अंधारांत गेला. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्याच्या प्लेग-रुग्णालयांत व छावणींत स्त्रियांची कशी आबाळ होते तें वृत्तपत्रांत पत्र लिहून चव्हाट्यावर आणिलें. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणवीत होते, आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या. तरी त्या गप्प बसल्या नाहींत. आणि त्याच वर्षीं, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करितां करितां त्याच रोगानें मरण पावल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं आपल्या पाठीवरून दवाखान्यांत आणिलें होतें. झडती घेणारे हातही आजाऱ्यास घराबाहेर नेत होते, व त्या बाईही आजाऱ्यास घराबाहेर नेत होत्या. काम एकच, परंतु एका हातापासून लोक पळाले, व दुसऱ्या हातीं त्यांनीं आपलीं लेंकरें दिलीं.

आतां तिसरें ऋण, दार उघडण्याचें. ह्याविषयीं मीं नियमशास्त्राच्या लेवीय नामक पुस्तकांतून पुष्कळ शिकलों. त्याचे तेरावा व चौदावा हे अध्याय आपण सहसा वाचीत नाहीं. चट्टे, केंस व खरूज ह्यांच्या वर्णनास कंटाळून पान उलटितों. परंतु तेथें देवानें आपल्या लोकांस साथीच्या काळचा पहारा कसा ठेवावा हें शिकविलें आहे. याजकानें पाहावें, शंका असल्यास त्या मनुष्यास सात दिवस वेगळें ठेवावें, सातव्या दिवशीं पुनः पाहावें, तरीही शंका असल्यास आणखी सात दिवस. येथवर आपण सर्व जाणतों. परंतु पुढें पाहा. ज्या याजकानें त्यास वेगळें केलें त्याच याजकानें, रोग नाहीं असें दिसल्यावर, तो शुद्ध आहे असें स्वतःच्या तोंडानें जाहीर करावयाचें आहे. आणि बऱ्या झालेल्याची तपासणी करावयास याजकानें स्वतः छावणीबाहेर जावयाचें आहे. त्या मनुष्यानें दबकत दबकत परत यावयाचें नाहीं. आपल्या प्रभूनेंही बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यांस याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवा असें सांगितलें. शरीर बरें झालें एवढ्यानें काम पुरें झालें नव्हतें. ज्या तोंडानें त्यांस बाहेर काढिलें त्याच तोंडानें त्यांस आंत घ्यावयाचें होतें.

हें मी विद्वत्ता दाखविण्यासाठीं लिहीत नाहीं. माझ्या हातून ह्याच ठिकाणीं चूक झाली आहे, आणि ती कबूल केल्यावांचून हा लेख लिहिणें ढोंग होईल. इ. स. २०२० च्या उन्हाळ्यांत, कोरोनाच्या साथींत, आमच्या मंडळींतील एक कुटुंब मुंबईचें काम बंद पडल्यामुळें गांवीं परत आलें. नवराबायको व दोन लेंकरें. गांवानें त्यांस वेशीबाहेरच्या शाळेंत चौदा दिवस ठेविलें. तें योग्यच होतें. त्या दिवशीं शाळेच्या फाटकापाशीं पुष्कळ लोक जमले होते, आणि मीही होतों. मीं त्यांस धीर धरण्याविषयीं चार शब्दही सांगितले. भाकरीही आम्हीं पोंचविल्या. चौदा दिवस झाले, कोणासही ताप आला नाहीं, आणि तीं चौघें एका पहांटे आपलें बोचकें घेऊन घरीं आलीं. त्या पहांटे मी गेलों नाहीं. पुढें उपासना जमूं लागल्या तेव्हां मंडळीपुढें एक शब्दही बोललों नाहीं. कांहीं वाईट हेतु नव्हता. काम संपलें असें मला वाटलें. परंतु त्या बाईस सार्वजनिक नळावर कोणी घागर लावूं देईना. तिच्या लेंकरांशीं कोणी खेळेना. चटईवर तीं बसलीं म्हणजे दोहों बाजूंस जागा मोकळी राहूं लागली. दोन महिन्यांनीं मीं तिला विचारिलें, "बाई, हल्लीं उपासनेस कां येत नाहीं?" ती खालीं पाहून म्हणाली, "पाळकसाहेब, आंत घालायला सगळा गांव आला होता. बाहेर काढायला कोणी आलं नाहीं."

ह्या वाक्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढच्या रविवारीं मीं व्यासपीठावरून सांगितलें कीं, ह्या कुटुंबाचे चौदा दिवस आपण आपल्या सर्वांच्या जिवासाठीं घेतले होते, तीं केव्हांच निर्दोष ठरलीं आहेत, आणि तें सांगण्याचें माझें कर्तव्य मीं केलें नाहीं, ह्याबद्दल मी त्यांची व देवाची क्षमा मागतों. नंतर मी खालीं उतरून त्यांच्या शेजारीं चटईवर बसलों. परंतु वाचकहो, दोन महिने उशीर झाला होता, आणि लेंकरांच्या मनावरील तो व्रण माझ्या चार शब्दांनीं पुरता भरला असेल असें मी म्हणत नाहीं.

कित्येक भाविक बंधु म्हणतात कीं, विश्वास ठेवणाराचें रक्षण देव करितो, मग हा पहारा, ही मोजणी कशाला? त्यांस मी एवढेंच विचारितों : मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असें आपल्या प्रभूस कोणी सांगितलें होतें? देवाच्या रक्षणाची परीक्षा पाहणें हा विश्वास नव्हे. आणि येथें तर उडी आपली नसते; आपण उडी टाकितों आणि हाड शेजाऱ्याचें मोडतें.

तर आपण काय करावें? हंता रोगाची साथ आज आपल्या गांवांत नाहीं. परंतु उंदीर आहेत, कणग्या आहेत, आणि साथी सांगून येत नाहींत. म्हणून घरांतील साध्या गोष्टींपासून आरंभ करावा. पुष्कळ दिवस बंद असलेली खोली किंवा कोठार उघडल्यावर दारेंखिडक्या मोकळीं करून अर्धा तास वारा खेळूं द्यावा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या केरसुणीनें झाडूं नयेत, तर प्रथम जंतुनाशकाचें पाणी शिंपून भिजवाव्या व मग हातमोजे घालून फडक्यानें पुसून घ्याव्या. धान्य झांकणाच्या डब्यांत ठेवावें व भिंतींचीं बिळें बुजवावीं. ताप असतां पंगतीस, उपासनेस किंवा मयतीस जाऊं नये. आणि जो आला नाहीं त्यास नांव ठेवूं नये. आरोग्यसेविका विचारपूस करावयास आली म्हणजे खरें सांगावें. तिच्या वहींतील एक खरी नोंद कोठें तरी एक छप्पर वांचवीत असेल.

आणि मंडळीनें, पंचांनीं व विशेषेंकरून उपदेशकांनीं एक नियम मनाशीं बांधावा. ज्या दिवशीं एखाद्यास वेगळें राहावयास सांगूं त्याच दिवशीं त्याच्या सुटकेची तारीख लिहून ठेवूं. त्या मधल्या दिवसांत भाकर कोण नेईल हें ठरवूं. आणि ती तारीख येईल तेव्हां जितके लोक त्यास पोंचवावयास गेले होते तितके त्यास आणावयास जाऊं.

आमच्या त्या भावास माझें उत्तर असें आहे. निरोगी मनुष्यास शेजाऱ्याच्या जिवासाठीं थांबविणें न्यायाचें आहे. परंतु तें न्यायाचें होतें कीं नाहीं हें दार बंद करण्याच्या दिवशीं ठरत नाहीं. तें दार उघडण्याच्या दिवशीं, दाराबाहेर कोण उभें आहे त्यावरून, ठरतें.

प्रभु आपणां सर्वांस जागें राहण्याचें व त्या दिवशीं दारापाशीं उभें राहण्याचें धैर्य देवो.

आपला ख्रिस्तांतील बंधु,
एक खेड्यांतील पाळक